सडा पावसात बघा, मे महिन्यात नको

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या प्रस्तावित तेल रिफायनरीचा विषय निघाला की ऑफिसमध्ये, सोसायटीत, अगदी नात्यातल्या लग्नाच्या मांडवात सुद्धा एक वाक्य ठरलेलं असतं, "तिथे आहे काय, नुसता कातळ तर आहे." एवढी जागा ओसाड पडलीय, तुम्ही लोक तिचं काही करत नाही, मग कारखाना आला तर बिघडलं कुठे. हे बोलणारी माणसं काही वाईट नाहीत, बरीचशी कोकणातलीच आहेत, चिपळूणची, मालवणची, आमच्या शेजारच्या गावातली पण. त्यांनी सडा, म्हणजे तो कातळ, बघितलाय तो मे महिन्यात. मुलांना सुट्टी, आंबे, एखादं लग्न, आणि दुपारी गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना काळा तापलेला कातळ, सावलीला एक झाड नाही. त्यावरून कुणालाही वाटेल की इथे काहीच नाही.

माझं माहेर राजापूर तालुक्यात, बारसू-सोलगावच्या त्या पंचक्रोशीतच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या बऱ्याच लोकांवर केसेस आहेत आणि मी इथे डोंबिवलीत बसून काही लिहिणार आणि त्याचा ताप त्यांना, असं नको. पण सड्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण सगळं भांडण तिथूनच सुरू होतं असं मला वाटतं. वर आहे ती जागा रिकामी आहे हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं, नकाशा काढायचा, एकर मोजायचे, आकडे जाहीर करायचे. आणि ती जागा रिकामी नाही.

आमच्याकडची रचना आधी सांगते, कारण घाटावरच्या लोकांना ती पटकन लक्षात येत नाही. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. वर सपाट कातळ, त्याच्या कडेकडेने उतारावर वाड्या, वाड्यांच्या खाली भाताचे मळे, त्याखाली पऱ्या म्हणजे ओढे आणि पुढे खाडी. घरं सड्यावर नसतात, खाली झाडीत असतात, म्हणून वरून फोटो काढणाऱ्याला वस्ती दिसतच नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. तो पडतो पहिला या सड्यावर. जांभा दिसायला दगड असला तरी आतून भोकाभोकांचा, भेगाभेगांचा आहे, पाणी वर डबक्यांमध्ये साचतं, हळूहळू आत उतरतं आणि खाली वाडीच्या वरच्या अंगाला झरा होऊन बाहेर पडतं. आमच्या वाडीची विहीर त्या झऱ्यावर आहे. सगळ्या वाड्यांचं हेच आहे, कुणाची विहीर, कुणाची बाव, कुणाचा पाट काढून आणलेला, पण पाणी सड्याचं. सडा ही आमची पाण्याची टाकी आहे आणि ती कुणी बांधलेली नाही, कुणाला तिचं बिल भरावं लागत नाही.

माझी काकी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. भूजल वगैरे शब्द तिला माहीत नाहीत. पण पहिल्यांदा सर्व्हेवाले गावात आले तेव्हा तिने मला फोनवर विचारलं होतं, "सडा ग्येला तर बावीला पानी कुठनं येल गो बाय? तेवडा त्यांना इचार." तेवढाच प्रश्न. मी त्यानंतर जे जे या विषयावर बोलायला भेटले त्यांना तो विचारला, रिफायनरीच्या बाजूने बोलणाऱ्यांना सुद्धा. नळाने पाणी देऊ, असं उत्तर मिळतं. नळात पाणी कुठून आणणार हे मग कुणी सांगत नाही.

आता पावसातला सडा. जूनचे पहिले दोन पाऊस झाले की कातळाचा रंग बदलतो, आठवड्यात शेवाळ धरतं, बेडकं ओरडायला लागतात ती रात्रभर खाली घरात ऐकू येतात. मग कातळाच्या भेगांमधून डिपकाडीचे पांढरे तुरे वर येतात, ही जात कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरच होते, बाहेर कुठे लावून दाखवा म्हटलं तर अवघड आहे. श्रावण-भाद्रपदात गेंद, तेरडा, कवला, आणि पाण्याच्या कडेने ती निळी-जांभळी सीतेची आसवं, एवढीशी फुलं पण किडे खाऊन जगणारी, कारण कातळावर मातीच नाही तर खत कुठून मिळणार. जिथे खळग्यात वीतभर माती साचलीय तिथे दगडाचे छोटे बांध घालून लोक भात लावतात, नाहीतर नाचणी-वरी करतात. गुरं चार महिने वरच चरतात. दिवाळीच्या पुढे मागे गवत कापायचं, भारे बांधून खाली आणायचे, वर्षभराची वैरण ती, आणि कलमांच्या आळ्यांत टाकायलाही तेच. आणि कलमं म्हणाल तर माझ्या चुलत्यांची बाग त्या कातळातच आहे. सुरुंग लावून खड्डे काढले, खालून डोक्यावर टोपल्यांनी माती नेऊन त्यात भरली, आणि त्यात हापूसची कलमं लावली. आज ते झाड बघणाऱ्याला वाटतं आंबा काय कोकणात आपोआप येतो. रत्नागिरी-देवगडच्या कातळावरचे कित्येक बागायतदार असेच उभे राहिलेत, पुढे २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने फोटो टाकले, आणि त्याच वर्षी त्याच हापूसच्या गावांत रिफायनरी आणायचे करार चाललेले.

गणपतीला आम्ही सगळे जातोच गावाला, पण आरत्या, भजनं, पाहुणे, यात सड्यावर चढून जायला कुणाला वेळ नसतो. म्हणून म्हणते की आमच्या मुंबईकर मंडळींनीही खरा सडा बघितलेला नाही.

आणि कातळशिल्पं. लहानपणी गुरांच्या मागे गेलं की दिसायची, म्हातारी माणसं पांडवांचं नाव सांगायची, आम्ही त्या रेषांवर बसून जांभळं खायचो. रत्नागिरीच्या अभ्यासकांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावोगाव फिरून ती शोधली, मोजली, नकाशे केले, आणि २०२२ मध्ये कोकणातल्या ९ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात बारसू आहे आणि देवाचं गोठणंही आहे. बारसूच्या शिल्पात मध्ये माणूस आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन मोठे वाघासारखे प्राणी. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हात वाकून दगडाने दगड कोरत बसलेलं. एकीकडे सरकार जगाला सांगणार हा आमचा वारसा आहे आणि त्याच सड्यावर त्याच वर्षी तेलशुद्धीकरणाची जागा बघणार, या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावरून कशा जातात मला समजत नाही. शिल्पांना कुंपण घालून वाचवू म्हणतात. कुंपणाच्या आत वाघ आणि बाहेर चिमण्या, म्हणजे कारखान्याच्या, आणि मग ते बघायला कुणी यायचं.

हे सगळं महसूल खात्याच्या कागदावर कुठे आहे? सड्याच्या कितीतरी क्षेत्रापुढे सातबाऱ्यावर पोटखराबा अशी नोंद आहे, लागवडीलायक नाही, आकारणी नाही. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे उद्धव ठाकरे यांनी, पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली, सुमारे १३ हजार एकर बारसूला आणि २,१४४ एकर शेजारच्या नाटे गावाला क्रूडच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या, टर्मिनलसाठी, आणि त्या पत्रात यातली बहुतांश जमीन ओसाड आहे असं सांगितलेलं होतं. पुढे सरकार गेलं आणि ६ मे २०२३ ला तेच बारसूला येऊन लोकांच्या बाजूने उभे राहिले. आले ते बरंच झालं, मी त्याला नावं ठेवणार नाही, आमच्या बायकांना त्या दिवशी आधार वाटला. पण ओसाड हा शब्द त्या पत्रात कुणी घातला, कुणी येऊन बघितलं होतं, कुठल्या महिन्यात, हे मला कुणीतरी सांगायला पाहिजे.

याच्या आधी आमच्याच तालुक्यात नाणारच्या रिफायनरीचं प्रकरण झालं ते सगळ्यांना माहीत आहे तरी थोडक्यात सांगते. २०१७ मध्ये एमआयडीसीच्या कायद्याखाली राजापूरची १४ आणि देवगडची २ गावं रिफायनरीच्या जमिनीसाठी अधिसूचित झाली. वर्षाला ६ कोटी टन क्षमता, ३ लाख कोटींची गुंतवणूक, देशातल्या तीन सरकारी तेल कंपन्या एकत्र, २०१८ मध्ये सौदीची अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक पण आल्या. एवढं मोठं प्रकरण आणि समोर कोण तर आंबेवाले, मच्छीमार, कुणबी, म्हाताऱ्या बायका. आणि तरी मार्च २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. निवडणूक होती, युतीचं राजकारण होतं, सगळं होतं, मान्य, पण दोन वर्षं ती गावं हलली नाहीत म्हणून ते राजकारण झालं. नाणारवाल्यांनी पेढे वाटले तेव्हा आम्हीही आनंदात होतो, आपल्या तालुक्यातलं संकट गेलं म्हणून. ते तीन वर्षांत वीसेक किलोमीटर सरकून आमच्याच दारात येईल असं डोक्यात पण नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते या लढ्यातल्या कागदांबद्दल, कारण टीव्हीवर ते कधीच आलं नाही, टीव्हीवर फक्त पळापळ दिसते.

कोकणातला सातबारा ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. एका गटावर पन्नास-पन्नास नावं. पणजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुलं, निम्मे वारलेले, निम्मे मुंबईला, काहींचा पत्ता कुणालाच माहीत नाही, वाटप कधी झालेलं नाही, सगळं सामाईक. आणि आमच्यासारख्या सासरी गेलेल्या मुलींची नावं, जिथे भावांनी हक्कसोड करून घेतली नसेल तिथे. दलाल नेमके इथे शिरले. प्रकल्पाची कुणकुण गावाला लागायच्या आधी बाहेरच्या लोकांनी जमिनी घेतल्या हे नाणारला पण झालं आणि इकडे पण झालं. गावात कुणाला विचारायचंच नाही, नालासोपाऱ्याला, दिव्याला, घाटकोपरला राहणारा एखादा हिस्सेदार गाठायचा, वीस वर्षं गावाला न गेलेला, त्याच्यापुढे रोख रक्कम ठेवायची आणि त्याचा हिस्सा लिहून घ्यायचा. एकदा सातबाऱ्यावर परकं नाव चढलं की मग ते नाव पुढे संमती देतं आणि वर्तमानपत्रात येतं की जमीनमालक तयार आहेत!

माझ्याकडे पण आला होता एकजण. लांबचा ओळखीचाच, मिठाईचा बॉक्स घेऊन, ताई तुमचं नाव आहे त्या गटावर, तुम्हाला तसा काय उपयोग त्याचा, तुमचे भाऊ काय तुम्हाला देणार आहेत. तो शेवटचा वार बरोबर कुठे करायचा ते त्याला माहीत होतं, कारण कित्येक घरांत खरंच भावांनी बहिणींना काही दिलेलं नसतं आणि बायका मनातून दुखावलेल्या असतात. मी नाही म्हटलं. माझ्या एका चुलत आत्याने सही दिली, नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं, आणि गावात तिला लोक जे बोलले ते मला अजिबात आवडलं नाही. तिच्या अडचणीत आम्ही कुणी विचारपूस केली नाही आणि दलालाने केली, मग तिने कुणाचं ऐकायचं?

मग मुंबईत मीटिंगा सुरू झाल्या. रविवारी, कुणाच्या तरी मंडळाच्या खोलीत, परळला, भांडुपला, पंखा एक आणि माणसं साठ. आधी भाषणं व्हायची, नंतर एका निवृत्त क्लार्क असलेल्या काकांनी सांगितलं की भाषणं बंद करा आणि प्रत्येकाने आपापला सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या जमिनीचा उतारा, काढून आणा. तिथून खरं काम लागलं. गटवार फायली केल्या, मेलेल्यांची नावं लाल पेनाने, वारस कोण ते शेजारी, कुणाचा फोन नंबर आहे, कुणाला दलाल भेटलाय. मृत्यूचा दाखला नाही म्हणून चाळीस-चाळीस वर्षं वारसनोंद अडलेली, ती प्रकरणं एकेक करून घातली. कारण नोटीस येते ती सातबाऱ्यावरच्या नावाने, तिथे पणजोबांचं नाव असेल तर हरकत कोण घेणार. आमच्या वाडीतल्या मुलांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आणि त्यात गुड मॉर्निंग टाकलं तर काढून टाकायचे, फक्त फेरफारांचे, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदींचे, फोटो, एवढे कडक. मी बँकेत काम करते, कागद वाचायची सवय आहे, तर माझ्याकडे दोन वाड्यांच्या फायली होत्या, आणि खरं सांगते माहेरच्या माणसांशी, माझ्या स्वतःच्या सख्ख्या चुलत्यांशी, मी आयुष्यात एवढं बोलले नव्हते तेवढं त्या दोन वर्षांत बोलले.

पण एक गोष्ट तिथे सगळ्यांच्या लक्षात आली की जमीन आमच्या नावावर असली तरी ग्रामसभेत आम्हाला मत नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक, आणि आमची नावं कल्याण-डोंबिवलीला. म्हणजे ठराव करणार कोण, तर जे गावात राहतात ते, म्हणजे बायका आणि म्हातारी माणसं. ग्रामसभेला कोरम लागतो १५ टक्के नाहीतर १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते, आणि एरवी आमच्या गावात तो कधीच भरायचा नाही, सभा तहकूब, मग तहकूब सभेला सरपंच, ग्रामसेवक आणि दोन-चार डोकी. रिफायनरीच्या ठरावाला शाळेची पडवी भरून बायका बाहेर अंगणात बसलेल्या. लावणीचे दिवस होते, अर्ध्याजणी शेतातून तशाच आलेल्या, पायाला चिखल. वाचून दाखवलं, हात वर करा म्हटलं, सगळे वर. एका आजींनी दोन्ही हात वर केले, ग्रामसेवक म्हणाले आजी एकच मोजणार, तर त्या म्हणाल्या दुसरा मुलाचा आहे, तो मुंबईला असतो. हे मला आईने सांगितलं आणि सांगताना ती हसत नव्हती. त्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत काढून लॅमिनेट करून प्रत्येक वाडीत ठेवली आहे. पंचक्रोशीतल्या इतर ग्रामपंचायतींनीही विरोधाचे ठराव केले. कायद्याने या ठरावांचा किती उपयोग, तर आमच्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू नाही, एमआयडीसीचा कायदा वापरला की ग्रामसभेच्या नकाराने काही अडत नाही. लोकांना हे माहीत होतं, काकांनी समजावून सांगितलेलं. तरीही केला, कारण उद्या कुणी म्हणायला नको की गावाला विचारलं होतं आणि गाव गप्प बसलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशे गेले. राजापूरचे पत्रकार, महानगरी टाइम्सला लिहायचे. ६ फेब्रुवारीला सकाळी त्यांची रिफायनरीसंबंधी बातमी छापून आली, त्याच दिवशी दुपारी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या स्कूटरला गाडीने उडवलं, फरफटत नेलं, दुसऱ्या दिवशी ते वारले. खुनाचा गुन्हा नोंदला गेला, रिफायनरीचा समर्थक म्हणून ज्याला सगळे ओळखायचे तो माणूस अटक झाला. त्यांच्या घरी वृद्ध आई आणि शिकणारा मुलगा. त्या आठवड्यात माझ्या भावाने पहिल्यांदाच मला सांगितलं, ताई जरा जपून लिही. भीती अशी घरात येते.

आणि मग एप्रिल. माती परीक्षणासाठी बोअर मारायला मशिनी येणार म्हणून बायका आधीच सड्यावर जाऊन बसलेल्या, मुक्कामाला. जमावबंदी लागली, काही कार्यकर्त्यांना त्या भागात यायलाच बंदी, हजारोंनी पोलीस. २५ एप्रिलला पोलिसांच्या गाड्यांसमोर बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, शंभराहून जास्त लोकांना ताब्यात घेतलं. २८ तारखेला लाठ्या आणि अश्रुधुराची नळकांडी. माझी आई तिथे होती, पासष्ट वर्षांची, गुडघे दुखतात म्हणून एरवी देवळाच्या पायऱ्या चढत नाही. एप्रिलच्या दुपारी कातळावर पाय टेकवत नाही, चप्पल मऊ पडते, आणि त्यावर त्या झोपल्या. तिच्या दोन्ही कोपरांना फोड आले होते. पदराला सगळ्याजणींनी कांदा बांधलेला, उन्हाला चांगला म्हणून नेला आणि उपयोगी पडला तो धुराच्या वेळी, फोडून नाकाशी धरायला. पोलिसांतल्या काही मुली रडत होत्या म्हणाली, आमच्याच वयाच्या आया असतील ना त्यांना पण. माझ्या आईने आयुष्यात मोर्चा बघितला नव्हता, ती ज्यांना मत देत आली त्यांचंच राज्य होतं, आणि तिला गाडीत घालून नेलं. रात्री सोडलं तर तिचा पहिला फोन, म्हैस कुणी पिळली का बघ.

यावर विकासाला विरोध करणारे म्हणून आम्हाला शिक्का. बाहेरचे लोक भडकवतात असंही. कोण बाहेरचं, मी? माझी नाळ पुरलीय त्या परसात.

रोजगाराचं बोला, मी तयार आहे. आमची पोरं मुंबईला जातात हे खरं आहे, दहा बाय दहाच्या खोलीत राहतात हेही खरं आहे, आणि गावात काम मिळालं तर कुणाला नको आहे. पण खेडजवळ लोट्याला रासायनिक एमआयडीसी झाली, कित्येक वर्षं झाली, एकदा जाऊन तिथल्या गावांत राहून या, वास घ्या, आणि दाभोळ खाडीच्या भोई लोकांना विचारा मासे किती मिळतात. ग्रीन रिफायनरी असं सारखं सांगतात, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्वतःच्या वर्गवारीत तेलशुद्धीकरण रेड कॅटेगरीत, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत, आहे, हे आम्ही नाही ठरवलं. आणि नाट्याचं काय. शेजारी माडबनला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प आणायचा म्हणून एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला गोळीबार झाला, एक तरुण मच्छीमार गेला, आणि त्याच बंदरावर पुन्हा क्रूडचं टर्मिनल. एकाच खाडीच्या तोंडावर किती गोष्टी आणून ठेवणार आहात.

समर्थक पण आहेत, ते मी लपवणार नाही. राजापूर शहरातले व्यापारी आहेत, ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्यात ते आहेत, आणि खरोखर बेकार बसलेली मुलंही आहेत, माझा मावसभाऊ त्यातलाच. त्याला आयटीआय करून आठ वर्षं झाली. त्याच्याशी मी भांडत नाही, त्याचं दुखणं खरं आहे. मी त्याला एवढंच म्हणते की तुला तिथे कुठल्या पदावर घेणार हे त्यांच्याकडून लेखी आण. आणि आपल्या लोकांनाही एक सांगायचं आहे, राग आला तरी चालेल. चिरेखाणी. सडा वाचवा म्हणून घोषणा देतो आणि बाजूला त्याच सड्यावर जेसीबी आणि कटर लावून पुरुषभर खोल खाणी चालू असतात, परवाना असलेल्या आणि नसलेल्या, आणि खाण संपली की खड्डा तसाच टाकून द्यायचा. तेही पाणी तोडतं. काकीचा प्रश्न तिथेही लागू आहे. आमच्या वाडीने गेल्या वर्षी दोन खाणींना नाही म्हटलं, बाकीच्यांनी पण म्हणायला हवं.

काय हवं ते सुद्धा गावाने सांगून झालंय. मोठं दुखणं आलं की रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर, ते बदला. आंब्याला, काजूला, कोकमाला तालुक्यात प्रक्रिया आणि साठवण. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय, ते संपवा. कातळशिल्पांकडे जाणारा नीट रस्ता आणि गावातल्याच मुलांना गाईडचं शिक्षण. यातलं काही १३ हजार एकर मागत नाही.

माती परीक्षण झालं, अहवालाची कॉपी गावाला मिळालेली नाही, आणि नाणारच्या वेळी जशी रद्द झाल्याची अधिसूचना निघाली तसं काही लेखी आमच्या हातात नाही. मध्येच कुणीतरी बोलतं प्रकल्प गेला, मग दुसरं कुणीतरी बोलतं छोटा करून आणणार. म्हणून फायली बंद केलेल्या नाहीत.

राजापूर, देवगड, लांज्याच्या ज्यांनी हे इथपर्यंत वाचलं त्यांनी या महिन्यात आपला सातबारा आणि आठ-अ काढून बघा. ऑनलाइन निघतो, पंधरा रुपये लागतात. आजोबा-पणजोबांचं नाव अजून असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज टाका, आणि बहिणींची नावं गाळू नका, लागतील तुम्हाला. फेरफारात अनोळखी नाव दिसलं तर हरकतीची मुदत जायच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. ज्यांची नावं गावच्या मतदार यादीत आहेत त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा, झेंडावंदन करून लगेच निघू नका, पूर्ण सभा बसा आणि प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं ते वाचून मगच सही करा. कागद वाचायला कुणाला मदत हवी असेल तर मला मेसेज करा, रविवारी दुपारी मी मोकळी असते.